फोरहँड : जोर आणि ताबा

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे, धुवांधारचा प्रपात आणि तोफगाड्यांचा कारखाना डोळ्यांपुढे येतो. खेळांच्या इतिहासात मात्र या शहराचे नाव एका वेगळ्याच कारणाने नोंदले गेले आहे. १८७५ साली येथील लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून एक नवा खेळ रचला आणि त्याला 'स्नूकर' हे नाव दिले, असे मानले जाते. हा चेंबरलेन म्हणजे पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन नव्हे. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७४ साली, इंग्लंडात मेजर वॉल्टर विंगफील्ड याने हिरवळीवर खेळावयाच्या टेनिसचे एकस्व मिळविले होते, आणि १८७७ साली विंबल्डनची पहिली स्पर्धा भरली. एक खेळ छपराखालचा, दुसरा मोकळ्या मैदानावरचा. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच आहे. चेंडूला जोर किती द्यावा, आणि तो दिल्यावरही चेंडू आपल्या कह्यात कसा ठेवावा?

स्नूकरच्या खेळाडूला विचार करण्यास सवड असते. चेंडू स्थिर असतो, खेळाडूही स्थिर असतो. टेनिसमध्ये दोघेही धावत असतात. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर टेनिसपटूला कोर्टावर उतरण्यापूर्वी समजून घ्यावे लागते आणि नंतर सरावाने अंगात मुरवावे लागते. हे उत्तर फोरहँडच्या फटक्यात सर्वांत स्पष्टपणे दिसून येते. उजव्या हाताने खेळणारा खेळाडू आपल्या उजव्या बाजूस आलेला चेंडू ज्या फटक्याने परतवितो तो फोरहँड. नवशिका प्रथम हाच फटका शिकतो, आणि सामन्यातील गुण बहुधा याच फटक्याने मिळतात किंवा जातात.

जबलपूर १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचा भाग होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. नोकरी, वकिली, शिक्षण यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तेथे स्थायिक झाली. अशा शहरांत क्लब, छावण्या आणि सरकारी वसाहती यांच्या आवारांत टेनिस रुजले. मुरुमाच्या थरावर माती पसरून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार केलेले कोर्ट आणि त्यावर चुन्याने आखलेल्या रेषा हे दृश्य मध्य भारतातील जुन्या खेळाडूंच्या चांगल्या परिचयाचे आहे. येथे शिकविणारा म्हणजे बहुधा क्लबचा मार्कर. पुष्कळांच्या वाट्याला तोही येत नाही. मोठ्यांचा खेळ पाहून आणि मिळेल ते पुस्तक वाचून ते शिकतात. प्रस्तुत विवेचन मुख्यतः अशा खेळाडूंसाठी आहे.

अशा खेळाडूंमध्ये दोन प्रकार आढळतात. पहिला प्रकार चेंडू नुसता ढकलणाऱ्यांचा. त्यांचा चेंडू चुकत नाही, पण प्रतिस्पर्ध्याला त्रासही देत नाही. दुसरा प्रकार सर्व बळ एकवटून टोला हाणणाऱ्यांचा. त्यांच्या दहा टोल्यांपैकी दोन डोळे दिपविणारे असतात आणि उरलेले आठ जाळ्यात किंवा कुंपणावर जातात. पहिल्याला वाटते की जोर लावला तर ताबा जाईल. दुसऱ्याला वाटते की ताबा ठेवावयाचा तर जोर सोडावा लागेल. दोघेही एकाच गैरसमजाचे बळी आहेत. हा गैरसमज दूर झाला नाही तर पहिला कंटाळून खेळ सोडतो, आणि दुसरा खांदा किंवा कोपर दुखावल्यामुळे सोडतो.

चेंडूचे गणित

प्रथम या गैरसमजात तथ्य किती आहे ते पाहू. टेनिसच्या कोर्टाची लांबी २३.७७ मीटर आणि एकेरीची रुंदी ८.२३ मीटर असते. जाळ्याची उंची मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असते. समजा, खेळाडू मागच्या रेषेवर उभा आहे आणि जमिनीपासून १ मीटर उंचीवर तो चेंडू टोलवितो. हवेचा अडथळा व फिरकी घटकाभर बाजूला ठेवू. चेंडूचा वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर तो जाळ्यावरून चांगला मीटरभर उंच जाऊनही पलीकडच्या रेषेच्या दोन मीटर आत पडेल. वेग ताशी १०८ किलोमीटर केला आणि जाळ्यावरची उंची अवघी ३० सेंटिमीटर ठेवली, तरी तो रेषेच्या आत मीटरभरदेखील पडणार नाही. वेग ताशी १४४ किलोमीटर केला, तर जाळ्यावरून तेवढ्याच उंचीने गेलेला चेंडू रेषेच्या सुमारे पाच मीटर बाहेर जाईल.

कारण उघड आहे. चेंडूला खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते, आणि त्याला त्यासाठी वेळ हवा असतो. वेग वाढला की हा वेळ कमी होतो. प्रत्यक्षात हवेच्या अडथळ्याने चेंडू मंदावतो, त्यामुळे परिस्थिती या आकड्यांइतकी बिकट नसते. पण तिचे स्वरूप हेच असते.

दिशेचे गणितही असेच कठोर आहे. चेंडूची दिशा केवळ ५ अंशांनी चुकली, तर कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तो दोन मीटरांहून अधिक बाजूला सरकलेला असतो. आणि चूक सुधारण्यास अवधी किती असतो? तारा आणि चेंडू यांचा संपर्क सुमारे पाच सहस्रांश सेकंद टिकतो. चेंडू लागल्याची संवेदना मेंदूपर्यंत पोहोचण्यास यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणजे टोला बसल्याचे खेळाडूला कळते तेव्हा चेंडू केव्हाच निघून गेलेला असतो. फटका मारता मारता मनगट वळवून चेंडूला वळण देता येते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते शक्य नाही. चेंडूचे भवितव्य संपर्काच्या आधीच ठरलेले असते. रॅकेट कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि कोणत्या कोनात येत आहे यावरून ते ठरते.

जोर कोठून येतो

समोरून ताशी ५४ किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ताशी १०८ किलोमीटर वेगाने परत पाठवावयाचा असेल, तर संपर्काच्या त्या पाच सहस्रांश सेकंदांत त्याच्यावर सरासरी ५० किलोग्रॅम वजनाइतका भार द्यावा लागतो. हा आकडा ऐकून नवशिका मूठ आणखी घट्ट आवळतो. वस्तुतः चेंडू तारांच्या मध्यभागी बसला, तर मूठ घट्ट आहे की सैल यामुळे चेंडूच्या वेगात जवळजवळ काही फरक पडत नाही, असे प्रयोगांत आढळून आले आहे. टोल्याचा धक्का मुठीपर्यंत जाऊन परत येण्याच्या आतच चेंडू तारा सोडून गेलेला असतो. हा भार खेळाडूचा पंजा देत नाही. वेगाने येणारी रॅकेट देते. मग रॅकेटला वेग कोण देतो, हा खरा प्रश्न आहे.

शेतातील राखणदार गोफण फिरवितो तेव्हा त्याच्या मनगटाची हालचाल थोडीशीच दिसते, पण गोफणीतला खडा बाणासारखा सुटतो. हालचाल पायांपासून सुरू होते, कमरेतून खांद्यात येते, खांद्यातून हातात आणि हातातून दोरीच्या टोकाला जाते. शरीराचा मोठा व जड भाग आधी फिरतो आणि थांबू लागतो. त्याची गती पुढच्या हलक्या भागाला मिळते, आणि हलका भाग साहजिकच अधिक वेगाने फिरतो. फोरहँडचा जोर नेमका याच क्रमाने तयार होतो. पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, तिच्यामागून खांदे वळतात, खांद्यांमागून दंड व हात येतात आणि सर्वांच्या शेवटी रॅकेटचे टोक येते.

या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी तिचे काम पुढच्या कडीला करावे लागते. पाय खिळलेले आणि कंबर ताठ असेल, तर सारा भार खांद्यावर पडतो. खांदाही वळला नाही, तर तो कोपर आणि मनगट यांच्यावर येतो. फोरहँड मारताना कोपराच्या आतल्या बाजूस किंवा मनगटात कळ येऊ लागली, तर हाताला अधिक व्यायाम देण्यापूर्वी पाय आणि कंबर काम करीत आहेत की नाहीत हे पाहावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर ही काळजी फारच महत्त्वाची आहे. त्यांच्या हाती मोठ्यांची जड रॅकेट देऊन 'जोरात मार' असे सांगणे म्हणजे त्यांचा खेळ आणि सांधे या दोहोंचे नुकसान करणे होय.

येथे एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. जबलपूर हे हॉकीचेही गाव आहे. ध्यानचंद यांचे धाकटे बंधू आणि स्वतः थोर खेळाडू असलेले रूपसिंग यांचा जन्म १९०८ साली तेथेच झाला. हॉकी किंवा बॅडमिंटन खेळून टेनिसकडे वळलेल्या खेळाडूचे मनगट चपळ असते आणि प्रत्येक फटका मनगटाच्या झटक्याने मारण्याचा त्याला मोह होतो. बॅडमिंटनचे फूल पाच-साडेपाच ग्रॅमचे असते, तर टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. जे मनगट फुलाला पुरे पडते ते या चेंडूपुढे थकते. टेनिसमध्ये मनगट लवचीक ठेवावे, पण त्याने साखळीचा शेवटचा दुवा व्हावे. मुख्य यंत्र होऊ नये.

बळकट शरीर असल्याशिवाय जोरदार फोरहँड येत नाही, ही समजूतही यावरून चुकीची ठरते. अमेरिकेचा बिल जॉन्स्टन हा अंगाने किरकोळ खेळाडू होता. समकालीन लोक त्याला 'छोटा बिल' म्हणत. १९१५ व १९१९ साली अमेरिकेचे आणि १९२३ साली विंबल्डनचे विजेतेपद मिळविणाऱ्या या खेळाडूचा फोरहँड त्या काळातील सर्वांत भेदक फटक्यांपैकी एक मानला जाई.

ताबा म्हणजे काय

ताबा म्हणजे हळू मारणे नव्हे. एकच फटका पुन्हा पुन्हा तसाच मारता येणे म्हणजे ताबा. चेंडूची दिशा प्रामुख्याने रॅकेटच्या तोंडाचा कोन ठरवितो आणि चेंडूची लांबी तो कोन व वेग मिळून ठरवितात. म्हणून संपर्काच्या क्षणी रॅकेटचे तोंड दर वेळी सारखेच असेल, अशी व्यवस्था करणे हे ताब्याचे मर्म होय.

या व्यवस्थेचे पहिले अंग म्हणजे संपर्काचे स्थान. चेंडू शरीराच्या थोडा पुढे, हात अवघडणार नाही इतक्या अंतरावर आणि साधारण कमरेच्या उंचीवर घ्यावा. चेंडू उशिरा, म्हणजे शरीराच्या बाजूस किंवा मागे घेतला, तर उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका उजवीकडे भरकटतो. फार लवकर घेतला, तर डावीकडे जातो. पुष्कळ खेळाडू अशा वेळी हाताची दिशा बदलू पाहतात. वस्तुतः बदलावयास हवी ती पायांची जागा. ताबा हातात दिसतो, पण तो पायांनी मिळविलेला असतो.

भारतीय टेनिसमध्ये ताब्याची परंपरा जुनी आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ साली विंबल्डनची कुमार स्पर्धा जिंकली आणि १९६० व १९६१ साली लागोपाठ दोनदा तेथील पुरुषांच्या एकेरीची उपांत्य फेरी गाठली. त्यांच्या खेळाचे सामर्थ्य बळात नव्हते. चेंडू कोठे ठेवावयाचा हे ठरवून तो तेथेच ठेवण्यात होते. त्याच्याही आधी, १९३४ साली, संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांच्या कन्या लीला राव यांनी विंबल्डनमध्ये सामना जिंकला. असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. पुढच्या काळात खेळाचा वेग वाढला आणि केवळ ताबा पुरेसा राहिला नाही. १९८६ साली मुंबईत जन्मलेल्या व हैदराबादेत वाढलेल्या सानिया मिर्झा यांनी २००७ साली एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ वे स्थान मिळविले ते मुख्यतः आपल्या घणाघाती फोरहँडच्या बळावर.

फिरकीची मध्यस्थी

जोर आणि ताबा यांच्यातील भांडण खरे आहे, हे आपण गणिताने पाहिले. मग आजचे खेळाडू इतक्या जोराने मारूनही चेंडू आत कसा ठेवतात? हे भांडण फिरकी मिटविते.

चेंडू पुढच्या दिशेने गरगरत जात असेल, म्हणजे त्याचा वरचा भाग पुढे आणि खालचा भाग मागे फिरत असेल, तर त्या फिरकीला टॉपस्पिन म्हणतात. असा चेंडू आपल्यामागची हवा वरच्या दिशेने ढकलतो आणि प्रतिक्रियेने स्वतः खाली दाबला जातो. गुरुत्वाकर्षणाच्या जोडीला हा दुसरा मदतनीस मिळतो आणि चेंडू अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो. तिरक्या फटक्याने टेनिसचा चेंडू वाकडा जातो ही गोष्ट न्यूटनने १६७२ सालच्या एका पत्रात नमूद केली होती. तो त्या वेळी प्रकाशकिरणांचा विचार करीत होता. जर्मन शास्त्रज्ञ माग्नुस याने १८५२ साली फिरत्या वस्तूंवरील या प्रभावाचा अभ्यास केला, आणि लॉर्ड रॅले याने १८७७ साली, म्हणजे विंबल्डनच्या पहिल्याच वर्षी, टेनिसच्या चेंडूच्या अशा वाकड्या मार्गावर लेख लिहिला.

फिरकीमुळे खेळाडूला जाळ्यावरून चांगले अंतर ठेवून जोराने मारता येते. जाळ्यावरून अर्धा-पाऊण मीटर उंच गेलेला चेंडूही कोर्टात पडतो. शिवाय टप्पा पडल्यावर तो उसळून वर येतो आणि प्रतिस्पर्ध्याला मागे रेटतो. स्वीडनच्या ब्यॉन बोर्ग याने १९७४ ते १९८१ या काळात फ्रेंच स्पर्धा सहा वेळा आणि १९७६ ते १९८० अशी लागोपाठ पाच वर्षे विंबल्डन जिंकून या पद्धतीचे सामर्थ्य जगाला पटविले. पुढे अतिवेगवान चित्रीकरणाच्या साहाय्याने चेंडूची फिरकी मोजण्यात आली, तेव्हा स्पेनच्या राफाएल नादाल याच्या फोरहँडची फिरकी सरासरीने मिनिटाला ३००० फेऱ्यांहून अधिक असल्याचे आढळले. आधीच्या पिढीतील सॅम्प्रस व आगासी यांची फिरकी २००० च्या आतबाहेर होती.

ही फिरकी चेंडूवरून मनगट गुंडाळल्याने येते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. पाच सहस्रांश सेकंदांत असे काही गुंडाळता येत नाही, हे वर आलेच आहे. रॅकेट चेंडूच्या पातळीखालून येते, तोंड जवळजवळ उभे ठेवून वर आणि पुढे जाते, आणि तारा चेंडूला मागच्या बाजूने वरच्या दिशेला घासतात. फिरकी येते ती या खालून वर जाणाऱ्या मार्गामुळे. फटका संपल्यावर मनगट व हात वळलेले दिसतात ते त्या गतीचा परिणाम म्हणून.

यात एक अडचण आहे आणि ती समजून घेतल्यास नवशिक्याचा पुष्कळ मनस्ताप वाचेल. समोरून येणारा चेंडू जमिनीवर टप्पा पडताना घासला जातो आणि त्यामुळे तो पुढच्या दिशेने फिरतच आपल्याकडे येतो. त्याला परत टॉपस्पिन देऊन पाठवावयाचे म्हणजे त्याची फिरकी आधी थांबवून उलट्या दिशेने सुरू करावयाची. म्हणून टॉपस्पिनसाठी रॅकेटला पुरेसा वेग लागतो. भीतीने हात आखडून मारलेल्या चेंडूवर फिरकी येत नाही, आणि फिरकी न आलेला चेंडू बाहेर जातो. खेळाडूला वाटते की आपण फार जोराने मारले. वास्तविक रॅकेटचा वरच्या दिशेचा वेग कमी पडलेला असतो.

पकड आणि फटक्याची घडण

रॅकेट धरण्याच्या मुख्य पद्धती चार आहेत. कॉन्टिनेन्टल पकडीत हातोडी धरावी तशी रॅकेट धरली जाते. ईस्टर्न पकडीत तळहात जणू रॅकेटच्या तोंडाशी हस्तांदोलन करतो. सेमी-वेस्टर्नमध्ये तळहात मुठीच्या आणखी खाली सरकतो, आणि वेस्टर्नमध्ये तो जवळजवळ मुठीच्या तळाशी येतो. ईस्टर्न व वेस्टर्न ही नावे अमेरिकेच्या पूर्व व पश्चिम भागांवरून पडली. पूर्वेकडील हिरवळीवर चेंडू खाली राही. कॅलिफोर्नियातील सिमेंटच्या कोर्टांवर तो उंच उसळे. तेथील खेळाडूंनी उंच चेंडूसाठी सोयीची पकड शोधून काढली.

आपल्याकडील मातीच्या किंवा सिमेंटच्या कोर्टांवरही चेंडू बऱ्यापैकी उसळतो. म्हणून नवशिक्याने ईस्टर्न पकडीने आरंभ करावा आणि फटका स्थिर झाल्यावर सेमी-वेस्टर्नकडे सरकावे हे उत्तम. कॉन्टिनेन्टल पकडीने फोरहँडवर पुरेशी फिरकी देणे कठीण जाते, तर अगदी टोकाच्या वेस्टर्न पकडीने खालचे चेंडू घेणे अवघड होते. मूठ किती आवळावी? हातात जिवंत पाखरू धरले आहे अशी कल्पना करावी. ते उडून जाऊ नये आणि गुदमरूही नये.

फटक्याची घडण क्रमाने अशी सांगता येईल. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मारताच प्रथम खांदे वळवावेत. नुसता हात मागे नेऊ नये. डावा हात चेंडूच्या दिशेने पुढे धरल्यास खांदे आपोआप वळतात आणि तोलही राहतो. छोटी छोटी पावले टाकीत चेंडूच्या मागे जावे आणि उजव्या पायावर भार घ्यावा. चेंडूचा टप्पा पडेपर्यंत रॅकेट मागे गेलेली असावी. मग गुडघे किंचित वाकवून रॅकेट चेंडूच्या पातळीखाली उतरू द्यावी आणि जमिनीला रेटा देऊन कंबर व खांदे पुढे वळवावेत. रॅकेट त्यांच्यामागून येईल. संपर्कानंतर मान लगेच वर करू नये. हात न थांबविता डाव्या खांद्याकडे जाऊ द्यावा. हा शेवटचा भाग चेंडूसाठी नसतो, कारण चेंडू केव्हाच गेलेला असतो. परंतु हात पुढे जाणार हे ठरलेले असेल, तरच तो संपर्कापूर्वी मंदावत नाही. शिवाय सांध्यांना झटका न बसता वेग हळूहळू ओसरतो.

कोर्ट, हवा आणि साधने

एकाच खेळाडूचा एकच फटका जानेवारीत आणि मे महिन्यात सारखा पडत नाही. जबलपूरला उन्हाळ्यात तपमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. तापलेला चेंडू अधिक उसळतो आणि तापलेली हवा विरळ झाल्याने तो कमी अडतो. परिणामी तोच टोला लांब जातो. अशा वेळी बळ कमी करण्यापेक्षा फिरकी वाढविणे हिताचे. पावसाळ्यात ओलसर चेंडू जड होतो आणि खाली राहतो. तेव्हा गुडघे अधिक वाकवावे लागतात. घामाने मूठ निसटू लागली की खेळाडू नकळत ती आवळतो आणि सारा हात ताठरतो. म्हणून खिशात कोरडा रुमाल ठेवणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

रॅकेटबाबत बरेच गैरसमज आहेत. जुन्या लाकडी रॅकेटचे वजन साधारण ३७० ते ४०० ग्रॅम असे आणि तोंड लहान असे. हॉवर्ड हेड याने १९७६ साली मोठ्या तोंडाच्या रॅकेटचे एकस्व मिळविले आणि पुढील दशकात ग्रॅफाइटने लाकडाला मागे सारले. तोंड मोठे झाल्याने मध्यभागापासून थोडा दूर बसलेला चेंडूही बरा जाऊ लागला, आणि खालून वर घासताना चौकटीला चेंडू लागण्याची भीती कमी झाली. तारांबाबतची वस्तुस्थिती तर सर्वसामान्य समजुतीच्या उलट आहे. ताणलेल्या तारांनी चेंडू जोरात जातो असे वाटते. प्रत्यक्षात सैल तारा अधिक जोर देतात. नियमानुसार २५४ सेंटिमीटरांवरून टाकलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे. म्हणजे दबलेला चेंडू आपली जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तारा मात्र आपल्याला मिळालेली ऊर्जा बहुतांशी परत करतात. तारा सैल असतील तर त्या अधिक वाकतात, चेंडू कमी दबतो आणि ऊर्जा कमी वाया जाते. ताबा हवा असणारे खेळाडू तारा घट्ट बांधून घेतात त्याचे कारण हेच. हात दुखत असेल, तर मात्र तारा थोड्या सैल ठेवणे श्रेयस्कर.

सराव

वरील सर्व गोष्टी एका दिवसात साधणाऱ्या नाहीत. सराव पायरीपायरीने करावा. पहिल्या पायरीवर सर्व्हिसच्या रेषेजवळ उभे राहून, समोरच्या जोडीदाराशी हळुवारपणे, पण संपूर्ण फटका मारीत खेळावे. येथे अंतर थोडे असल्याने जोर लागत नाही, आणि रॅकेट खालून वर नेल्याशिवाय चेंडू आत राहत नाही. लागोपाठ वीस चेंडू आत राहू लागले की दोन पावले मागे सरकावे. असे करीत मागच्या रेषेपर्यंत यावे.

दुसऱ्या पायरीवर जाळ्याच्या वर सुमारे मीटरभर उंचीवर एक दोरी बांधावी आणि प्रत्येक चेंडू त्या दोरीवरून नेऊन कोर्टात पाडण्याचा प्रयत्न करावा. प्रथम बरेच चेंडू बाहेर जातील. त्यावर हात आखडता घेऊ नये. रॅकेटचा मार्ग अधिक उभा करावा. फिरकी आली आहे की नाही हे चेंडूच्या उडण्यावरून डोळ्यांना कळते. तिसऱ्या पायरीवर पलीकडच्या रेषेच्या आत दीड-दोन मीटरांवर जुने टॉवेल किंवा खडूच्या खुणा ठेवून त्यांवर नेम धरावा. रेषेवर नेम धरू नये. रेषेवर नेम धरणाऱ्याचे निम्मे चेंडू बाहेर जाणारच.

वेग वाढविणे ही शेवटची पायरी आहे. दहापैकी आठ चेंडू नेमाच्या जागी पडू लागल्यावरच वेग थोडा वाढवावा, आणि आठाचे पाच झाले की पुन्हा खाली यावे. जोडीदार नसेल तर भिंत आहे. भिंतीवर मीटरभर उंचीची रेघ ओढून तिच्या वर, पाच-सात पावलांवरून, प्रत्येक चेंडू दुसऱ्या टप्प्यावर घेऊन खेळावे. पहिल्या टप्प्यावर घेण्याची घाई केली, तर खांदे वळविण्यास वेळच मिळत नाही आणि चुकीची सवय जडते.

चुकांचे निदानही येथे सांगून ठेवणे योग्य होईल. चेंडू वारंवार जाळ्यात जात असेल, तर रॅकेट पुरेशी खाली उतरत नाही किंवा तिचे तोंड जमिनीकडे झुकलेले आहे. तो वारंवार लांब जात असेल, तर तोंड आकाशाकडे उघडले आहे किंवा हात मध्येच थांबत आहे. फटका पोकळ लागत असेल, तर शरीराचे वळण हाताच्या नंतर येत आहे. आणि सारेच बिघडले असे वाटत असेल, तर बहुधा पाय उशिरा निघत आहेत.

जोर आणि ताबा यांच्यात निवड करावयाची नसते, हे या विवेचनाचे सार आहे. जोर पायांतून निघावा, कमरेतून वाढावा आणि हातातून नुसता वाहून जावा. ताबा पावलांनी कमवावा आणि फिरकीने राखावा. जबलपूरच्या मेसमध्ये हिरव्या कापडावर जो प्रश्न काठीच्या टोकाने सोडविला गेला, तोच पहाटेच्या थंड मातीवर, हाती जुनी रॅकेट आणि लव झडलेला चेंडू घेतलेल्या मुलापुढेही असतो. महागडी साधने आणि नामवंत शिक्षक त्याच्या वाट्याला येतीलच असे नाही. परंतु चेंडूला लागू असलेले नियम सर्वांना सारखेच आहेत, आणि ते समजून घेऊन रोज थोडा वेळ खेळणाऱ्याला एक भिंत व एक रेघ एवढ्यावरही पुष्कळ काही मिळविता येते.